आकडा दिसत होता

मित्रांनो, मी एक जुने मनगटी घड्याळ आहे. पण खरे सांगायचे तर वेळ पाहायला माझ्याकडे फारसे कोणी कधी आलेच नाही. वेळ माझ्या काचेच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत दिसे. मधोमध, मोठ्या अक्षरांत, दिसे तो एका मुलीच्या अंगातल्या साखरेचा आकडा, आणि त्याच्या शेजारी एक बाण. बाण वर वळला की साखर चढते आहे, खाली झुकला की उतरते आहे, आणि आडवा असला की त्या घरात सगळे सुखाने जेवणार. माझे सगळे आयुष्य त्या आकड्यात आणि त्या बाणात गेले.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. तिथे दिवस आहे की रात्र हे कळत नसे, कारण दिवे कधी मालवतच नसत. डोक्याला टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या असत. एकीने माझ्या पोटात बॅटरी बसवली, दुसरीने काच चिकटवली, तिसरीने मला कानाशी धरून हलवून पाहिले. आत काही खुळखुळले नाही, म्हणून मी पास झालो. मग डबा, मग दुकान, आणि एके दिवशी एका बाईंचे मनगट. काम करून कडक झालेले, रुंद हाडाचे. पट्टा शेवटून दुसऱ्या भोकात बसला.

या बाई क्रेन चालवत. उंच इमारती बांधताना सगळ्यांच्या वर मान काढून उभी असते ना, ती क्रेन. वर एक काचेची खोली, तीत एक खुर्ची आणि दोन दांडे. सकाळी शिडीने वर चढायचे ते जेवणाच्या सुट्टीलाच खाली उतरायचे. बांधकामावरची माणसे त्यांना ‘वरच्या बाई’ म्हणत. सिमेंट यायला उशीर झाला की खालचे गवंडी आकाशाकडे बघून हात जोडत आणि म्हणत, ‘वरच्या बाईंच्या मनात नाही आज.’ बाईंना ते वॉकीटॉकीवर ऐकू येई आणि त्या एकट्याच हसत.

घरात दोघीच होत्या, त्या आणि त्यांची लेक ठकू. लहानपणी ती घरी येणाऱ्या मावशीच्या चपला लपवायची आणि मग मावशीबरोबर त्या अगदी मन लावून शोधायला लागायची. म्हणून मावशीने हे नाव ठेवले आणि तेच चिकटले.

ठकू चौथीत असताना तिची तहान भागेनाशी झाली. तांब्याभर पाणी प्यायची आणि पुन्हा पाणी मागायची. कपडे अंगावर लोंबायला लागले. डॉक्टरबाईंनी तपासले आणि सांगितले, की तिचे शरीर इन्सुलिन बनवायचे थांबले आहे; आता ते रोज सुईने बाहेरून द्यायचे, जन्मभर. कमी पडले तर साखर चढणार, जास्त झाले तर उतरणार. इकडे आड, तिकडे विहीर, आणि मधून चालायचे ते एका नऊ वर्षांच्या पोरीने.

म्हणून ठकूच्या दंडावर बटणासारखा एक सेन्सर चिकटवला. त्याची केसाएवढी तार कातडीखाली जाई आणि तिथला ओलावा चाखून साखर सांगे. ते ठकूच्या मोबाइलला कळे, तिथून आईच्या मोबाइलला आणि तिथून मला. मी स्वतः काही मोजत नसे. मी आपला निरोप्या. डॉक्टरबाईंनी तेव्हाच बजावले होते, की हा आकडा थोडा मागचा असतो, सेन्सर अंगाखाली दाबला गेला तर तो चुकतोही; तेव्हा आकडा बघा, पण पोरीचेही ऐका. आईने मान डोलावली. अशा वेळी सगळेच आईबाप मान डोलावतात.

माझे पहिले दिवस फार मानाचे गेले. क्रेनवर असताना मोबाइल पिशवीत ठेवायचा असा नियम होता, त्यामुळे आईची सगळी भिस्त माझ्यावर. दांड्यावरच्या हातावर मी असे आणि खाली, खूप खाली, झेंडाकाका. ते लाल-हिरवे झेंडे घेऊन उभे राहात आणि भार कुठे उतरवायचा ते हाताच्या खुणांनी सांगत. ठकूने त्यांना ते नाव दिले होते. ते तिच्यासाठी आईबरोबर चिंचोके नाहीतर रंगीत खडे पाठवत, कारण गोळ्या पाठवायची सोय नव्हती.

एके दिवशी सकाळी सळयांचा मोठा भारा हुकाला लटकत होता, आणि मी थरथरलो. आकडा पन्नासवर आला होता आणि बाण सरळ खाली. आईने मला पाहिले. पण हवेत लोंबकळता भार सोडून हात काढता येत नाही. खाली माणसे असतात. तिने तो भारा उतरवला, घाई न करता, फुलासारखा. तिच्या मनगटाची शीर माझ्याखाली उडत होती ती मला कळत होती. हूक मोकळा झाल्यावर तिने पिशवीतून मोबाइल काढला आणि शाळेला फोन लावला. शाळेतल्या बाई मैदानावर धावल्या. ठकू खांबाला टेकून बसली होती, ओठ पांढरे पडले होते, आणि काही कारण नसताना हसत होती. तिला सरबत पाजले. थोड्या वेळाने माझ्यावरचा बाण आडवा झाला, मग हळूच वर वळला. काचेच्या त्या खोलीत आई गुडघ्यांवर डोके ठेवून रडली. खाली झेंडाकाकांनी दोन्ही झेंडे काखेत धरून काम थांबवून ठेवले होते. का थांबलो, असे त्यांनी विचारलेही नाही.

मग माझे कौतुकच कौतुक. डॉक्टरबाई दुसऱ्या आईबापांना माझे उदाहरण देत. शाळेच्या कपाटात सरबताची बाटली आली. मावशी घरी आली की रुमालाने माझी काच पुसायची आणि म्हणायची, की या घरात खरा कर्ता पुरुष हाच. मला वाटले, आपण जन्माला आलो त्याचे सोने झाले.

पण मित्रांनो, एकदा वाचवलेल्या माणसाला पुन्हा सहज पाहता येत नाही, असे काहीतरी असते. आई दार उघडून आत आली की आधी माझ्याकडे बघे, मग लेकीकडे. ठकू मोठी होत होती. तिच्या प्रत्येक घासाला प्रश्न असे. मैत्रिणींबरोबर कुठे बसली असेल तर फोन. ती झोपली असेल आणि बाण झुकला तर फोन. एकदा ती धावतच घरी आली. शाळेच्या नाटकात तिला मुख्य काम मिळाले होते. तिने तोंड उघडायच्या आत आईने विचारले, ‘दोनशे दहा कशाने झाली? काय खाल्लंस?’

‘काही नाही,’ ठकू म्हणाली आणि आतल्या खोलीत गेली. नाटकाचे तिने मावशीला सांगितले. आईला ते प्रयोग दोन दिवसांवर आल्यावर कळले. साखर आनंदानेही चढते, मित्रांनो. ते बाणावर कुठे लिहिलेले नसते.

‘आई, तू माझ्याशी बोलतेस की माझ्या दंडाशी?’ असे तिने एकदा जेवताना विचारले. आई हसून म्हणाली, ‘दोघांशी.’ ठकू हसली नाही.

अशी वर्षे गेली. माझा पट्टा दोनदा बदलला, काचेवर एक ओरखडा आला. ठकू शाळेच्या शेवटच्या वर्षात होती तेव्हा ते घडले.

काँक्रीटची एक जड फळी खाली उतरत होती. झेंडाकाका एका खांबाजवळ उभे होते. मी थरथरलो. मला जे कळवले गेले ते मी दाखवले: पंचावन्न, बाण खाली. आईची नजर माझ्यावर आली. डोळ्याची पापणी लवायला जेवढा वेळ लागतो तेवढीच. तेवढ्यात काकांनी ‘थांबा’ म्हणून हात वर केला होता. फळी झोका घेऊन गेली आणि त्यांचा पाय खांबाशी चिरडला. त्यांचे ओरडणे वॉकीटॉकीतून वर आले. काकांना उचलून नेले तेव्हा माझ्यावरचा आकडा आपोआप शंभरावर परतला होता. ठकू वर्गात भिंतीला दंड टेकून बसली होती. सेन्सर दाबला गेला होता, इतकेच.

चौकशीत आईने काही लपवले नाही. मनगटाकडे पाहिले, असे तिने सरळ सांगितले. तिला क्रेनवरून काढून सामानाच्या खोलीत बसवले. कामगारांना शिरस्त्राणे आणि हातमोजे द्यायचे आणि संध्याकाळी परत घ्यायचे. ‘वरच्या बाई’ हे नाव कोणी मुद्दाम बंद केले नाही, पण कोणाच्या तोंडून ते पुन्हा निघाले नाही.

काकांचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आई त्यांना भेटायला गेली, तेव्हा मी बाहीखाली होतो. ते उशीला टेकून बसले होते. आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला सोसले नाही.

‘मी हात वर केला होता, बाई,’ ते म्हणाले. ‘तुम्ही दुसरीकडे बघत होता.’

थोड्या वेळाने काकांच्या सुनेने चहा आणला. तो तसाच ठेवून आई घरी आली.

ठकूपासून हे लपणार कसे? कोणत्या तासाला काय झाले ते तिने मावशीकडून काढून घेतले आणि स्वतःच्या मोबाइलवर त्याच तासाचा आकडा पाहिला. त्यानंतर ती आईशी भांडली नाही. भांडली असती तर बरे झाले असते. शिकायला दुसऱ्या शहरात जायचे ठरले. सामान बांधून झाल्यावर ती आईसमोर बसली आणि आईचा मोबाइल तिने मागून घेतला.

‘आता माझे आकडे माझ्याकडे,’ ती म्हणाली. ‘तू बघायचं नाहीस. साखरेसाठी फोन करायचा नाहीस. मला शब्द दे.’

‘आणि काही झालं तर?’

‘तर मी सांगीन ना.’

आईने शब्द दिला. ठकूने दोन-तीनदा बोट फिरवले आणि माझ्या काचेवर, जिथे इतकी वर्षे आकडा होता, तिथे दोन आडव्या रेषा आल्या.

आईने मला तरीही काढले नाही. वेळ बघायला घड्याळ लागते, असे ती सांगे. पण सामानाच्या खोलीत भिंतीवर हातभर मोठे घड्याळ होते. ती हातमोजे देता देता माझ्याकडे बघे, दोन रेषा बघे, आणि पुढच्या माणसाला हातमोजे देई. हळूहळू मात्र एक चांगली गोष्ट झाली. रविवारी ठकूचा फोन येई आणि दोघी बोलत. साखर सोडून सगळ्या जगाची चौकशी होई. खोलीतली मुलगी कशी घोरते, होस्टेलच्या रेक्टरबाई चपला वाजवत कशा येतात, ठकूने त्यांच्या चालण्याची नक्कल कशी केली. आई हसता हसता पुसे, ‘पण तू कशी आहेस?’ आणि पलीकडून उत्तर येई, लांबलचक, ऐकत राहावे असे. इतक्या वर्षांत आई तो प्रश्न विचारायला शिकली होती. मला काम नव्हते, पण मला वाटे, असेच राहावे. माझ्यावर रेषाच राहाव्यात.

मग एका सकाळी मी थरथरलो. रेषा गेल्या होत्या. आकडा आला होता, दोनशे साठ, बाण वर.

आई एका खोक्यावर बसली. तिने माझ्या काचेवरून बोट फिरवले, धूळ पुसावी तसे. ठकूने आपणहून पुन्हा दाखवायला सुरुवात केली होती. शेजारी हातमोज्यांच्या जोड्या लावणारी एक बाई होती, तिच्यापुढे आईने मनगट धरले आणि म्हणाली, ‘माझी मुलगी.’ त्या बाईला काही कळले नाही, पण आईचा चेहरा बघून तीही हसली.

आईने मोबाइल काढला. नाव शोधले. आणि मोबाइल पुन्हा पिशवीत ठेवला. तिने शब्द दिला होता. पोरीने इतक्या दिवसांनी दार किलकिले केले आहे, तर आपण लगेच धक्का मारून आत शिरायचे नाही, असे ती त्या बाईला सांगत होती. दोनशे साठ काय, जेवणानंतर होतेच. उतरेल.

दुपारी तीनशेच्या वर गेले. तिने ‘कशी आहेस?’ एवढेच लिहिले आणि पुसून टाकले. पुन्हा लिहिले. पुन्हा पुसले. मला ते सगळे दिसत होते. माझ्या कामाची हद्द आकड्यापाशी संपत होती. तो आकडा कुणी कशासाठी पाठवला आहे, हे त्यात लिहून येत नाही.

कामाची वेळ संपत आली तेव्हा आकडाच नाहीसा झाला आणि त्याच्या जागी नुसते ‘जास्त’ असे आले. साखर माझ्या मोजपट्टीच्या बाहेर गेली की असे होते. मग आईने फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. मग रेक्टरबाईंना लावला. त्या चपला वाजवत जिना चढल्या, ते आईला फोनमधून ऐकू आले. खोलीतली मुलगी सुट्टीला घरी गेली होती. दार आतून लावलेले होते; रेक्टरबाईंनी ते तोडायला लावून ठकूला इस्पितळात हलवले.

नंतर सगळे कळले. ठकूला आदल्या दिवसापासून उलट्या होत होत्या. पोटात काही ठरत नव्हते. खाल्लेच नाही तर इन्सुलिन कशाला, असे तिला वाटले असावे; आजारपणात उलट ते लागतेच, हे ती विसरली, किंवा विसरण्याइतकी ती थकली होती. आणि सकाळी, अंगात त्राण उरले नाही तेव्हा, तिने फक्त एक गोष्ट केली. आईला आकडा पुन्हा दिसेल असे केले. फोन का केला नाही, ते मला माहीत नाही. शब्द घेणारी तीच होती. तो आपणच मोडायचा, याची लाज वाटली असेल. किंवा तिला वाटले असेल, की आईला दिसले म्हणजे सांगितल्यासारखेच.

आई आणि मावशी तिथल्या इस्पितळात पोचल्या तेव्हा ठकू शुद्धीवर होती. श्वास मोठा आणि भराभर चालला होता, लांबून पळत आलेल्या माणसासारखा. नर्सने तिच्या दंडावरचा सेन्सर काढून ट्रेमध्ये ठेवला होता. माझ्यावर पुन्हा दोन रेषा होत्या. ठकूने आईचा हात चाचपला, आणि तिची बोटे माझ्यावर आली.

‘आई, मी सुरू केलं होतं,’ ती म्हणाली. ‘दिसलं का तुला?’

‘दिसलं गं.’

‘मग?’

आईजवळ उत्तर होते. ‘मी शब्द दिला होता,’ असे तिला सांगता आले असते. ठकूने थोडा वेळ वाट पाहिली आणि डोळे मिटले. मेंदूला सूज आली, असे डॉक्टर मावशीला बाहेर सांगत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ठकू गेली.

त्यानंतर आईने मला फेकले नाही, दोषही दिला नाही. ती मला रोज चार्जरला लावे आणि रोज मनगटावर बांधे. दोन रेषांकडे बघत बसे. पट्ट्याखाली तिच्या कातडीवर चट्टे उठले. एकदा मावशी म्हणाली, ‘काढ आता ते.’

‘आणि तिने परत सुरू केलं तर?’ आईने विचारले.

मावशी उठून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

पुढे आई कामावर जाईनाशी झाली. मग मनगट बारीक होत होत पट्टा सगळ्यात आतल्या भोकातही सैल पडू लागला, आणि एके दिवशी मी तिच्या हातातून जमिनीवर घसरलो. तिने मला उचलले नाही. मावशीने उचलले, पुसले, आणि डॉक्टरबाईंकडे नेऊन दिले. कुणा गरजू घरी उपयोगी पडेल, असे ती म्हणाली. आईचे पुढे काय झाले, ते मला कोणी सांगितले नाही. निरोप्याला कोण निरोप देणार?

आता मी एका शिंपीदादांच्या मनगटावर आहे. त्यांची मुलगी अजून शाळेतही जात नाही. तिच्या दंडावर नवे बटण आहे. ते मला फार जपतात. कापडाच्या तुकड्याने रोज पुसतात, पाण्यापासून वाचवतात. मित्रांनो, घड्याळाला नीट ठेवा, त्याची काळजी घ्या, असे सांगायला मी आलेलो नाही. माझी काळजी सगळ्यांनीच घेतली. मी एवढेच सांगतो, की तुमच्या घरी कुणाच्या दंडावर असे बटण असेल, तर माझ्याकडे बघून झाल्यावर त्या माणसाला विचारा, तोंडाने, नाव घेऊन. आणि ते बटण तुमच्याच दंडावर असेल तर आकडा दिसेलच, अशा भरवशावर राहू नका. हाक मारा. शब्द दिलेला असला तरी मारा, घेतलेला असला तरी मारा.

आत्ता ती पोर पायरीवर बसली आहे. तिला शिवणयंत्राखाली एक मोठे लाल बटण सापडले आहे आणि ते ती दादांना दाखवते आहे. तिने त्यांची बाही ओढली. त्यांनी हात वर केला, आणि माझ्याकडे पाहिले. आकडा चांगला आहे, बाण आडवा आहे, तरी ते बघतच आहेत. मला तोंड नाही. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूने जात असेल, तर त्यांना एवढे सांगाल का, की ती केव्हाची हाक मारते आहे?